हरणांच्या माजात आईचा ट्रेक

आईची मागणी तशी साधी होती. पुण्याला परत जायच्या आधी तिला एकदा रानातल्या हटपर्यंत चालत जायचं होतं. हट म्हणजे डोंगरात बांधलेली पत्र्याची एक खोली. चार बंक, एक बाक, बाहेर पावसाच्या पाण्याची टाकी. तिथे गाडी जात नाही, फोन लागत नाही, पायांशिवाय दुसरा उपाय नाही. न्यूझीलंडभर अशा खोल्या विखुरलेल्या आहेत. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे आम्ही चहाला गेलो होतो, तिच्या फ्रिजवर अशाच एका हटचा फोटो लावलेला होता. आई चहाचा कप हातात धरून त्या फोटोसमोर उभी राहिली ती राहिलीच. चहा गार झाला. गाडीत बसल्यावर म्हणाली, मला इथे जायचंय.

ही २०१६ सालची गोष्ट. आम्ही ख्राइस्टचर्चला हॉर्नबीत राहायचो. मी भूकंपानंतरच्या बांधकामांवर इंजिनियर, नवरा आयटीत, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. आता ही मागणी बाबांच्या जिव्हारी का लागली ते सांगते. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पण तो झाला पोटापाण्याचा उद्योग. खरे बाबा रविवारचे. दर दुसऱ्या रविवारी गड. चाळीस वर्षं सह्याद्री पायाखाली घातला. आणि ती चाळीस वर्षं आईने शनिवारी संध्याकाळी दशम्या लाटल्या, तिळाची चटणी कुटली, डबा भरला आणि रविवारी खिडकीत उभं राहून त्यांना टाटा केला. ती एकदाही गेली नाही. आधी आम्ही लहान होतो, मग आजी अंथरुणाला खिळली, मग गुडघे गेले. मध्ये चार-सहा वर्षं अशीही होती की काहीच आड येत नव्हतं. तेव्हा तिने विचारलं की बाबा म्हणायचे, तुला नाही झेपायचं गं. प्रेमाने म्हणायचे. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

इथे येण्याच्या आदल्या वर्षी आईचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि आई जन्मभर शाळामास्तरीण, सांगितलेला अभ्यास ती जरा जास्तच करते. आमच्या गल्लीतून निघायचं, गोदामांच्या रांगेवरून मोठ्या दुकानांच्या पार्किंगला वळसा घालायचा, कोपऱ्यावरच्या डेअरीवरून दूध घेऊन परत. पहिल्या दिवशी ती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून निघाली तर बाबांनी दारातच अडवलं आणि पायताणांवर व्याख्यान दिलं. तिसऱ्या महिन्यात ती रोज पाच किलोमीटर चालत होती. गोदामांतले ट्रकवाले तिला ओळखायला लागले. ते तोंड उघडायच्या आत हीच त्यांना माओरी नमस्कार, 'किया ओरा', करून मोकळी. मी एकदा कामावरून येताना बघितलं, सलवार-कमीजवर माझं जुनं फ्लीस, पायात बूट, आणि अशी तुरुतुरु चाललेली की हाक मारावीशी वाटेना.

तरी दोनदा बेत रद्द झाला. एकदा नॉर्थवेस्टर सुटला, तो इथला गरम वारा, डोंगरात माणसाला उभं राहू देत नाही. एकदा पाऊस. दोन्ही वेळा हवामानाचा अंदाज बाबांनी वाचून दाखवला. वारा खरा होता, पाऊस खरा होता, आणि वाचताना बाबांच्या तोंडावर जे समाधान होतं तेही खरंच होतं. मी बघितलंय ना. असं करत करत एप्रिल उजाडला आणि आईच्या तिकिटाआधी एकच शनिवार उरला.

मी ऑफिसात मैत्रिणीला सांगितलं तर ती कीबोर्डवरचे हात उचलून माझ्याकडे बघायलाच लागली. एप्रिलमध्ये? म्हणाली, अगं रोर चालू आहे. मला काय कळतंय रोर. मग तिने समजावलं की मार्च संपता संपता इथली लाल हरणं माजावर येतात. नर दऱ्याखोऱ्यांत उभे राहून डरकाळ्या फोडतात, माद्यांना बोलवायला आणि दुसऱ्या नरांना दम द्यायला. दुसरा नर तिकडून उलट डरकाळी देतो. शिकारी याचीच वाट बघत असतात. तेही नळीत तोंड घालून तसाच आवाज काढतात, हरणाला वाटतं कोण रे हा, आणि ते भांडायला पुढे येतं. थोडक्यात, त्या पाच-सहा आठवड्यांत रानात बंदुका असतात आणि त्या बंदुकांमागची माणसं कान टवकारून झुडपात काही तपकिरी हलतंय का ते बघत असतात.

हे मी जेवताना सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटत नाही, तेव्हा फार वाटलं. बाबांनी वरणभाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, झालं, विषय संपला, त्यापेक्षा शहरालगतच्या टेकडीवर जाऊ, समुद्र दिसतो. आई म्हणाली, तिथून घरंही दिसतात, ती मी रोज बघते. मग जराशी थांबली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, तुम्ही सेफ्टीवाले ना? मग करा की सेफ.

नवऱ्याने माझ्या पायाला टेबलाखालून पाय लावला. बाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, कागद आण.

त्या आठवड्यात आमच्या घरात जे झालं त्याला प्लॅन म्हणणं म्हणजे बाबांचा अपमान आहे. तो कारखाना होता. मला वनखात्याच्या कचेरीत फोन करायला लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की वाट चालायला खुली आहे, पण शिकारीलाही परवानगी आहे, तेव्हा भडक कपडे घाला, वाट सोडू नका, उजाडताना आणि मावळताना रानात राहू नका, बोलत चला. बाबांनी प्रत्येक वाक्य लिहून घेतलं आणि प्रत्येकाखाली दोन पोटकलमं काढली. दुकानातून बीकन भाड्याने आणला, ते बटण दाबलं की हेलिकॉप्टर येणारं यंत्र. तो बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवडाभर खिसा चाचपत राहिले. शेजारच्या आजोबांना आमच्या वाटेचा नकाशा आणि परतायची वेळ लिहून दिली. ते बिचारे म्हणाले, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथलं 'एकदम झकास', आणि कागद फ्रिजवर लावला. बाबांनी आत जाऊन तो नीट लावलाय का ते बघितलं.

शुक्रवारी गॅरेजमध्ये तपासणी झाली. केशरी जॅकेटांची ददात नव्हती. त्या काळात ख्राइस्टचर्चमध्ये माणसांपेक्षा केशरी जॅकेटं जास्त होती, माझ्या गाडीच्या डिकीतच सहा निघाली. आईची आवडती शाल तपकिरी म्हणून बाद. नवऱ्याचा पांढरा रुमालही बाद, का तर म्हणे हरणाचा पार्श्वभाग फिकट असतो. नवरा म्हणाला, मी तो नाकाला लावतो. तरी बाद. आणि मग आईने बाबांच्या माकडटोपीकडे बोट दाखवलं. तपकिरी, लोकरीची, गेली तीस वर्षं त्यांच्या डोक्यावर. बाबा म्हणाले, कान गार पडतात. आईने एक जुनं जॅकेट कापलं आणि टोपीभोवती केशरी पट्ट्या शिवल्या, वर एक गोंडाही लावला. बाबांनी आरशात पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. काही ठीक नव्हतं, मी आणि नवरा कपडे वाळत घालायच्या दोरीमागे जाऊन पोट धरून हसलो.

शेवटी नियम वाचून दाखवले. नऊच्या आत वाटेवर पाय नाही, पाचच्या पुढे रानात नाही. चालायचं एकामागे एक, बाबा पुढे, मग आई, मग मी, शेवटी नवरा. आवाज करायची जबाबदारी आईची. जॅकेट कोणीही, कुठल्याही कारणाने काढायचं नाही. आणि जरा जरी काही अघटित झालं, कोणाला लागलं नाही तरीसुद्धा, तर काम बंद आणि सगळे परत. हा नियम वाचताना त्यांचा आवाज कारखान्यातला झाला. आई मान डोलवत होती, पण ती नकाशा बघत होती हे मला दिसत होतं.

शनिवारी तासभर गाडी हाकून आम्ही पोचलो. सपाट शेतं संपतात आणि डोंगर एकदम उठून उभा राहतो तिथे वाट सुरू होते. पार्किंगमध्ये एकच यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती. बाबांनी तिच्या वायपरखाली चिठ्ठी अडकवली, आम्ही चारजण, केशरी कपडे, वाटेवरच आहोत. चिठ्ठी वाचायला यूटवाला तिथे हवा होता, तो पहाटेच वर गेलेला. पण कागद झाला याचं बाबांना बरं वाटलं.

आणि मग रान. झाडांचे बुंधे काजळी फासल्यासारखे काळे, खाली शेवाळाची गादी, वरून कोवळं ऊन. शेपटीचा पंखा उघडमीट करणारा एक इवलासा पक्षी आमच्या मागेमागे यायला लागला, तर आईला वाटलं तो तिच्यासाठीच आलाय. आवाजाची जबाबदारी तिने मनावर घेतली होती. पाढे म्हणायला लागली. एकोणतीस एके एकोणतीस, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज. माझा नवरा मुंबईच्या इंग्रजी शाळेतला, त्याचं गणित बारावर संपतं. आईने त्याला मागून म्हणायला लावलं. एकोणतीस साते काय, असं तिने विचारलं आणि हा गप्प. ती वाटेत थांबली. ओळ थांबली. न्यूझीलंडच्या रानात, बंदुकांच्या मोसमात, आयटीतला मॅनेजर बोटं मोजत उभा. दोनशे तीन म्हटल्यावरच पाऊल पुढे पडलं. मला इतकं हसू येत होतं की चढ कधी संपला ते कळलं नाही. आईचे गाल लाल झाले होते, श्वास लागत होता, आणि ती जी काही खूश होती, मी तिला माझ्या लग्नातसुद्धा तशी पाहिली नव्हती.

साडेअकराला एका ओढ्याकाठी थांबलो. डबा उघडला. यावेळी डबा मी भरला होता, दशम्या माझ्या, त्यामुळे थोड्या कडक. आईने त्या चवीने खाल्ल्या आणि काही बोलली नाही, ही तिची मोठी कृपा. हट अजून पाऊण तासावर होती.

आता इथे बाबांच्या घशाबद्दल सांगायलाच हवं. आधी सांगायला हवं होतं, पण आमच्याच डोक्यात आलं नाही. बाबा जेवल्यावर चूळ भरतात. चूळ भरली की खाकरतात. हे खाकरणं साधं नाही. ते बेंबीपासून निघतं. आधी खोल घरघर, मग ती वर चढत जाते, मग एक लांब हंबरडा, आणि शेवटी दोन-तीन तोडलेले ठसके. पुण्यात आमच्या सोसायटीत लोक त्यावर घड्याळं लावायचे. आम्ही त्या आवाजात लहानाचे मोठे झालो, आम्हाला तो ऐकूही येत नाही. आठवडाभर आम्ही कपड्यांचे रंग तपासले, टोपीला पट्ट्या शिवल्या, हरणं कशी ओरडतात त्याचे व्हिडिओ सोफ्यावर ओळीने बसून पाहिले, आणि चौघांपैकी एकालाही काही आठवलं नाही.

बाबा सभ्य माणूस. चारचौघांत खाकरणार नाहीत. ते वाट सोडून ओढ्याच्या खालच्या अंगाला झुडपाआड गेले. जॅकेटवर पाणी उडू नये म्हणून त्यांनी ते काढून फांदीला अडकवलं. आत होता तपकिरी स्वेटर. आणि ओणवं होऊन, चूळ भरून, त्यांनी जे काही केलं ते दरीभर घुमलं.

वरच्या उतारावरून उत्तर आलं.

तीच घरघर, तोच हंबरडा. बाबा खूश. गडावर जाऊन ज्याने आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकला नाही तो ट्रेकर कसला. त्यांना वाटलं दरी चांगली बोलतेय, आणि त्यांनी पुन्हा एकदा, आता मुद्दाम जोर लावून, दिला. पुन्हा उत्तर. या वेळी जवळून.

मी चटणीचं बोट चाटत होते. नवरा हसत होता. आईचा हात मात्र डब्याच्या झाकणावर थांबला.

"हा ह्यांचा आवाज नाही," ती म्हणाली.

एवढं म्हणून ती उठली आणि ओरडली, अहोऽऽ. तिने चाळीस वर्षांत त्यांना दुसरी हाकच मारलेली नाही. पण ती हाक तुम्ही रानात, लांबवून, घाबरलेल्या आवाजात मारून बघा. वरून त्या 'अहो'लासुद्धा उत्तर आलं. बाबांनी, त्यांच्या मते, प्रतिध्वनीला उत्तर दिलं. फांद्या मोडल्याचा आवाज झाला. तेव्हा मी चटणीचा डबा सोडून उठले.

मग आईने बाबांचं नाव घेतलं. एकेरी. आडनावासकट. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर कधीही नाही, बँकेच्या फॉर्मवरसुद्धा ती बोट दाखवायची. ते नाव तिने वर्गाच्या दारातून मैदानावरच्या पोराला बोलवावं तसं दरीत फेकलं आणि पाठोपाठ दोनशे तीन, दोनशे बत्तीस, दोनशे एकसष्ट, पाढा जिथे सुटला होता तिथून सुरू केला. नवऱ्याने आणि मीही आवाज चढवला. आम्ही तिघं उभे राहून एकोणतीसचा पाढा बोंबलत होतो.

रान एकदम गप्प झालं. मग वरून माणसाचा आवाज आला, इंग्रजीत, अगदी हळू. खाली कोणी माणसं आहात का, म्हणून.

तो उतरून आला तेव्हा आम्ही त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने आमच्याकडे. पन्नाशीचा, केशरी टोपी, हातात प्लास्टिकची नळी. बंदूक पाठीला होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तो मटकन दगडावर बसला, बंदूक उतरवून तिची खिटी काढून खिशात घातली आणि मग बोलू लागला. पहिल्या आवाजापासून तो बाबांच्या मागावर होता. आधी त्याला वाटलं एक मोठा नर आहे, मग वाटलं दोन आहेत, मग मादीही आहे. झुडपात त्याला तपकिरी काहीतरी वाकलेलं दिसलं होतं. पण डोकं दिसलं नव्हतं, आणि पूर्ण जनावर दिसल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही असं त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. म्हणून लावली नाही. एवढंच म्हणाला.

बाबा ओढ्याकडून येत होते. त्यांनी फांदीवर लटकलेलं जॅकेट पाहिलं. ते उचलून अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

आईने थर्मासमधला चहा ओतला, पहिला कप त्या शिकाऱ्याला दिला, बरोबर दशमी. तो खायला लागला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मग मीही सुटले, मग नवरा, आणि आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, घाबरून सुटल्यावर येतं ना ते हसू, थांबवता येत नाही. त्याने ती नळी बाबांना दाखवली. इतकी वर्षं तो हिच्यातून आवाज काढतोय, बाबांसारखा एकदाही जमला नाही. त्याने अगदी अदबीने विनंती केली की पुन्हा एकदा करून दाखवाल का. बाबा नाही नाही म्हणाले. आई म्हणाली, करा की. बाबांनी उभं राहून, जॅकेट घालून, सर्वांसमोर केलं. आणि लांबच्या, पार लांबच्या धारेवरून एका खऱ्याखुऱ्या हरणाने उत्तर दिलं. शिकाऱ्याने टोपी काढली.

मला वाटलं, सगळं छान झालं. तर बाबा खाली बसून डबे भरायला लागले. झाकण लागेना. तेव्हा मी बघितलं, ते एका डब्याचं झाकण दुसऱ्याला लावत होते.

म्हणाले, चला, परत.

मी म्हटलं, बाबा, पाऊण तास राहिलाय फक्त. नवराही तेच म्हणाला. शिकाऱ्यालाही मी विचारलं, तर तो म्हणाला की तो पहाटे हटपर्यंत जाऊनच खाली आला, वर दुसरं कोणी नाही, पार्किंगमध्ये एकटी त्याचीच यूट होती. आज त्याचं पुरे झालं, तो इथेच बसून राहील. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. नियम होता. अघटित झालं की काम बंद. नियम त्यांनीच केलेले, जॅकेटचा त्यांनीच मोडलेला आणि हा आता त्यांनीच पाळायचा ठरवलेला. मला इतका संताप आला की काय बोलू नि काय नको. जॅकेट काढलं कोणी? आणि हट कोणाची बुडणार? पण ते अजून त्याच झाकणाशी झटत होते. त्यांना खरंच भीती वाटली होती.

आई बुटाची नाडी बांधत होती. ती घट्ट केली, उठली, गुडघ्यावर हात ठेवून एकदा सरळ झाली.

"तुम्ही बसा इथे," ती बाबांना म्हणाली. "मी जाऊन येते."

असं काही ती शांतपणे म्हणाली, भाजी घेऊन येते म्हणावं तशी. बाबांनी तिचे बूट एकदा बघितले. नंतर खिशातून बीकन काढून तिच्या हातात दिला.

मी तिच्याबरोबर गेले. आता ती पुढे, मी मागे. पाऊण तासाला आम्हाला सव्वा तास लागला. दोनदा बसलो. एका ठिकाणी मुळांचा चढ होता, तिथे ती हातापायांवर चढली आणि वर पोचल्यावर मागे वळून बघून खुदकन हसली. पाढे संपले म्हणून चकलीच्या भाजणीचं प्रमाण मोठ्याने सांगत होती, दर पावलाला एक धान्य. आणि अचानक झाडं संपली, गवताचा एक तुकडा आला, आणि त्यावर ती पत्र्याची खोली.

आईने दाराची कडी काढली. आत गेली. बंकवरची गादी दाबून पाहिली, खिडकीची काच बोटाने पुसली, बाकावर बसली, उठली. बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. समोर दरी, दरीपलीकडे डोंगर, त्यापलीकडे आणखी डोंगर, माणसाची खूण कुठे नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"अगं, इथे काहीच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज असा आनंदाने भरून आला होता. "काही म्हणजे काहीच नाही."

आणि तिचे डोळे वाहायला लागले, हसतही होती. मला कळलं नाही मी काय करावं, मी आपली तिचा हात धरून बसले. मला बाबांचा राग आला होता आणि मला बाबा तिथे हवेही होते.

तीनच्या सुमारास आम्ही ओढ्याशी परत आलो. शिकारी आणि नवरा गवतावर आडवे पडून हरणांबद्दल बोलत होते. बाबा उभे होते. वाट जिथून वळते तिकडे तोंड करून उभे होते, आणि नवऱ्याने मला नंतर सांगितलं की आम्ही गेल्यापासून ते बसलेच नव्हते. आई दिसल्यावर त्यांनी आधी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कसं होतं वर?"

आई दगडावर टेकली, बूट सैल केले. सांगायला तिने तोंड उघडलं, हात हवेत फिरवला, आणि सोडून दिलं.

"सांगून नाही कळायचं," ती म्हणाली. "यायला हवं होतं तुम्ही."

बाबा तिच्यासमोर खाली बसले, थेट मातीत. ती गोंड्याची टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. मग कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"पुढच्या वेळी मला नेशील?"

"मी विचारायची तेव्हा तुम्ही नेलंत?"

बाबांचे हजार दोष असतील, पण ते खोटं बोलत नाहीत.

"नाही," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.

"मी नेईन," ती म्हणाली.